उतारवयातील उमेदवारी

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा त्यांच्या मनात मधुमेह, सांधेदुखी किंवा फार तर निवृत्तीनंतरचा विरंगुळा असा एखादा विषय असावा. ‘वस्तऱ्याने दाढी करायला शिकणे’ हा विषय मी दूरध्वनीवर सांगितला, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग प्रश्न आला, “सर, तब्येत बरी आहे ना?”

तब्येत उत्तम आहे. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा उघडा वस्तरा स्वतःच्या गालाला लावला. त्याआधी चाळीस वर्षे निपाणी आणि बेळगाव भागात शस्त्रक्रिया करून पोट भरले होते. ज्याने हजारो पोटे उघडली आणि शिवली, त्याला स्वतःची दाढी कितीशी अवघड जाणार, असे वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पहिल्याच दिवशी डाव्या गालावर दोन आणि हनुवटीखाली एक अशा तीन जखमा घेऊन मी न्याहारीला बसलो. घरच्या मंडळींनी तीन दिवस जो संयम दाखवला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

निमित्त घडले ते जुन्या ट्रंकेचे. घराची रंगरंगोटी काढली तेव्हा आजोबांची लोखंडी ट्रंक उघडली. आजोबा बेळगावच्या कॅम्पात नोकरीस होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तिथे असल्याने तो भाग सकाळच्या कवायतीने जागा होई आणि तिथे वावरणाऱ्या मुलकी माणसालाही रोज गुळगुळीत दाढी करण्याची सवय लागे. ट्रंकेत त्यांचा वस्तरा निघाला. पात्यावर जर्मनीतील सोलिंगेन गावाचे नाव कोरलेले, मूठ काळी पडलेली, धारेला दोन ठिकाणी गंजाचे टिपके. फेकून देण्याजोगी ती वस्तू मी खिशात घातली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनमध्ये गेलो.

आता दुकान मुलाचे आहे. फिरत्या खुर्च्या आहेत, भिंतीवर क्रिकेटपटूंच्या केशरचना आहेत. मुलाचे वडील कोपऱ्यात बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले असतात. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. वय ऐंशीच्या आसपास. त्यांनी वस्तरा हातात घेतला, उजेडाकडे तिरका धरला, अंगठ्याचे टोक धारेवरून आडवे हलकेच नेले आणि म्हणाले, “पोलाद चांगलं हाय. धार मेलीय, पर पातं जितं हाय.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुम्हीच आमास्नी सांगितलं होतं न्हवं, वस्तरा टाका म्हणून?”

हा प्रश्न मला सुमारे तीस वर्षांनी परत मिळत होता.

आपल्यातील ज्येष्ठ सभासदांना तो काळ आठवत असेल. देशात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ साली प्रथम आढळला आणि पुढच्या दशकात आपल्या सीमाभागातही त्याची धास्ती पोहोचली. पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीतून जातो. मालमोटारी, ढाबे, तंबाखूचा व्यापार, हंगामाला येणारे मजूर, सगळेच चिंतेत भर घालणारे होते. जनजागृतीचे कार्यक्रम झाले, भित्तिपत्रके लागली, आणि एका सभागृहात गावातील नाभिक बांधवांसमोर बोलण्याची कामगिरी माझ्याकडे आली. मी तासभर बोललो. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते, जुना वस्तरा बंद, हा त्याचा सारांश. शेवटी अण्णा उभे राहिले. त्यांनी विचारले, “डॉक्टर, तुमची कात्री, चिमटा तुम्ही उकळून घेता आन् दुसऱ्याला लावता. मग माझा वस्तरा उकळला तर का चालणार न्हाई?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तरही होते. उकळत्या पाण्यात वीस मिनिटे ठेवले तर एचआयव्ही तग धरत नाही. परंतु बाजाराच्या दिवशी बाकावर पंधरा माणसे वाट पाहत असताना प्रत्येक दाढीमागे वीस मिनिटे कोण थांबणार? उकळल्याने धार बिघडते, ती पुन्हा पट्ट्यावर आणावी लागते, आणि तो चामड्याचा पट्टा तर उकळता येतच नाही. एका गिऱ्हाइकाचे रक्त पट्ट्याला आणि पट्ट्यावरून दुसऱ्याला, ही वाट खुलीच राहते. एवढे मी सांगितले असते तर त्या माणसाला पटले असते, कारण धारेचे शास्त्र त्याला माझ्याहून अधिक ठाऊक होते. मी मात्र घड्याळाकडे पाहून “नियम म्हणजे नियम” असे काहीसे बोललो. अण्णांनी दुसऱ्या दिवशी वडिलोपार्जित वस्तरे धोकटीत गुंडाळून माळ्यावर टाकले आणि अर्धे ब्लेड अडकवायची पत्र्याची मूठ आणली. नियम त्यांनी काटेकोर पाळला. उत्तर मात्र मी दिले नव्हते. या लेखातील बराचसा भाग त्या न दिलेल्या उत्तराचे व्याज आहे, असे समजावे.

“मला शिकवाल?” असे मी विचारले तेव्हा अण्णा हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, “पंधरा दिवस तोंडाला लावायचा न्हाई. कबूल असंल तर या.”

ते पंधरा दिवस मी चामड्याच्या पट्ट्यापुढे उभा राहिलो. वस्तऱ्याला धार येते दगडावर, पण ती टिकते पट्ट्यावर. दगडावर पाते धारेच्या दिशेने पुढे सरकते, म्हणजे जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढावा तसे. कणा आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. कण्याची जाडी हीच धारेचा कोन ठरवते आणि म्हणून घडणाऱ्याने तो कोन पात्यातच बांधून ठेवलेला असतो. पट्ट्यावर उलटे. तिथे कणा पुढे, धार मागे, आणि टोकाला पोहोचले की पाते कण्यावरून उलटवायचे, धारेवरून कधीही नाही. धारेवरून उलटवले की पट्टा कापला जातो आणि धार दुमडते. दाढीपूर्वी अशा चाळीस-पन्नास फेऱ्या. घाईने हात उचलला की चामड्याचा आवाज बदलतो. अण्णा वर्तमानपत्रातून मान वर न करता तो ओळखत. “आता उचललासा,” एवढेच म्हणत.

हे काम निरुपद्रवी दिसते. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांच्या भावाची हकिकत मला या दिवसांत आठवत राहिली. वस्तरा पट्ट्यावर ओढताना जॉन थोरोच्या बोटाला किरकोळ जखम झाली आणि जानेवारी १८४२ मध्ये तो धनुर्वाताने गेला. मी धनुर्वाताची लस घेऊन मगच दुसऱ्या आठवड्यात प्रवेश केला. अण्णांना याची मोठी गंमत वाटली.

दुसऱ्या आठवड्यात मडके आले. मडके पाण्यात भिजवायचे, पालथे घालायचे, ब्रशने त्यावर साबणाचा फेस लावायचा आणि मातीला ओरखडा न उठवता वस्तऱ्याने तो फेस काढायचा. अण्णा स्वतः वयाच्या दहाव्या वर्षी असेच शिकले होते. मला सुश्रुत आठवला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्या, म्हणजे सराव, या विषयाला एक अध्यायच दिला आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा, लेखनाचा म्हणजे खरवडण्याचा सराव केसांसह ताणलेल्या कातड्यावर करावा, शिरा उघडण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा, असे तो सांगतो. बहुश्रुत असूनही ज्याने हा सराव केला नाही तो कर्मास अयोग्य, असे त्याचे स्पष्ट मत आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात शस्त्रांच्या धारांचे प्रकार येतात. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराएवढी, लेखनाची त्याच्या निम्मी, वेधनाची केसाएवढी, छेदनाची केसाच्याही निम्मी. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार बसवण्यासाठी शेवरीच्या लाकडाची फळी. शस्त्र केस कापील इतके तीक्ष्ण झाले की मगच ते वापरावे, असाही दंडक. अण्णांना हे वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, “दगड काळपट आन् मऊ पायजे, हे बरोबर हाय. पर लाकडापरास चामडं बरं.” सुश्रुतावर इतक्या निर्वेधपणे टीका करणारा माणूस मी आमच्या महाविद्यालयातही पाहिला नव्हता.

यावरून एक गोष्ट ध्यानात आली. धार लावण्याची विद्या आम्ही शल्यचिकित्सकांनी नाभिकांच्या कितीतरी आधी सोडली. तीन नंबरच्या मुठीवर पंधरा नंबरचे पाते चढवायचे आणि काम झाले की टाकून द्यायचे, यातच माझी सारी कारकीर्द गेली. जिलेटचे सुरक्षित दाढीयंत्राचे पेटंट १९०४ चे. टाकाऊ पात्याची कल्पना तिथून दाढीघरात आली आणि कालांतराने आमच्याही टेबलावर नांदू लागली. त्याबद्दल कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही, आणि हळहळण्याचे कारणही नाही. निर्जंतुक, एकसारखे, स्वस्त पाते रुग्णाच्या हिताचेच आहे. मी वस्तऱ्याचा भक्त होऊन हे लिहीत नाही, हे येथे सांगून ठेवतो. सलूनमध्ये सर्वांना मिळून एक वस्तरा पुन्हा आणावा असे जो म्हणेल, त्याला मी आजही विरोधच करीन.

मग गाल आला. गरम पाण्याने तीन-चार मिनिटे दाढी भिजवायची, कारण पाणी प्यालेला केस मऊ होतो. फेस दाट हवा. पहिले काही दिवस फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने आणि उरलेली दाढी नेहमीच्या यंत्राने, हा अण्णांचा क्रम. जबडा त्यानंतर, गळा त्याहून नंतर, हनुवटी आणि ओठावरचा भाग सगळ्यांत शेवटी. केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने पाते न्यायचे. गळ्यावर तर ही दिशा भोवऱ्यासारखी फिरते. स्वतःच्या गळ्यावरचे केस कोणत्या दिशेने वाढतात हे मला अडुसष्ट वर्षे ठाऊक नव्हते. बोटे फिरवून ते शोधावे लागले.

इथे माझी चाळीस वर्षांची तालीम आडवी आली. शस्त्रक्रियेत पाते त्वचेला काटकोनात धरून हवा तेवढा दाब द्यायचा, हे हाताला इतके भिनलेले की वस्तरा गालाला लागताच मनगट आपोआप उभे राही. वस्तऱ्याला उलटे हवे असते. पाते सुमारे ३० अंशांत, जवळपास निजलेले. दाब शून्य. “दाबायचं न्हाई डॉक्टर, वस्तऱ्याला वजन हाय की त्याचं त्याला,” हे अण्णांनी मला किमान शंभर वेळा सांगितले असेल. “अगोदर कातडं ताणा. सैल कातड्यावर राजाचा वस्तराबी फाडतोच की.” आणि मी फार भरभर हात चालवू लागलो की, “घाई कशापायी? पेशंट थांबल्यात काय भाईर?” नवखा माणूस कोऱ्या हाताने शिकतो. मला आधी हातावरचे लिहिलेले पुसावे लागले. अनुभवी माणसाने नवे काही शिकायला घेतले की त्याचा अनुभव किती ठिकाणी पायात येतो, हे मी पूर्वी कनिष्ठ सहकाऱ्यांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया माझ्याआधी आत्मसात करताना पाहिले होते. त्या वेळी मी ते मान्य केले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात रक्त दिसेनासे झाले आणि मी स्वतःवर खूश झालो. अण्णांनी तुरटीचा खडा पाण्यात बुडवून माझ्या हातात दिला. तो गालावर फिरवला आणि डोळ्यांत पाणी आले. आरशात गाल स्वच्छ होता, पण जिथे जिथे तुरटी झोंबली तिथे तिथे न दिसणारा ओरखडा होता. रक्त न काढताही वस्तरा कातडीचा वरचा थर खरवडून नेतो, हे त्या खड्याने सांगितले.

त्या सकाळी मी बराच वेळ खुर्चीत बसून होतो. मी शिकाऊ असताना एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात नाभिक येई आणि दुसऱ्या दिवशीच्या सर्व रुग्णांचे पोट, मांड्या वस्तऱ्याने साफ करून जाई. रात्रभर त्या ओरखड्यांत जंतू वाढत आणि सकाळी आम्ही त्यावरून आयोडीन फिरवून चीर देत असू. जखम चिघळली की पावसाळ्याला, रुग्णाच्या अस्वच्छतेला, नातेवाइकांना दोष. सेरोपियन आणि रेनॉल्ड्स यांचा अभ्यास १९७१ सालीच प्रसिद्ध झाला होता. वस्तऱ्याने केस काढलेल्या रुग्णांत जखमेचा संसर्ग ५.६ टक्के, आणि केसांना हात न लावलेल्या किंवा केस काढण्याचे मलम वापरलेल्या रुग्णांत ०.६ टक्के. पुढे १९९९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांत हेच आले. केस काढूच नयेत, काढणे भागच असेल तर कातडीला न लागणाऱ्या यंत्राने काढावेत, वस्तरा वापरू नये. हे मी वाचले होते, परीक्षार्थींना विचारलेही होते. तरीही आपल्या भागातील छोट्या शस्त्रक्रियागृहांत आजही आदल्या रात्री ब्लेड फिरते, हे आपण सारे जाणतो. सवयीपुढे आकडे लंगडे पडतात. ज्यांना ते आकडे पटले नाहीत त्यांनी एकदा स्वतःच्या गालावर तुरटी फिरवून पाहावी, असे मी नम्रपणे सुचवतो.

शिकाऊ हाताखाली कोणाचे डोके द्यायचे, हा प्रश्न नाभिकांच्या धंद्यातही आहे आणि आपल्याही. अण्णा मडक्यानंतर कोणावर शिकले, असे मी विचारले. ते थोडे संकोचले. गावात त्यांच्या वडिलांकडे बलुते होते. सुगीला धान्य देणाऱ्या घरची दाढी वडील करीत. ज्यांचे बलुते बुडालेले असे, त्यांची डोकी पोराच्या वाट्याला येत. आम्हीही वेगळे काय केले? खासगी खोलीतील रुग्णाला वरिष्ठांचा हात, आणि सामान्य वॉर्डातील रुग्णाला आमचा. अण्णांनी ते निदान संकोचून सांगितले. आपल्या शिक्षणात याबद्दल संकोच वाटावा अशी सोयच नव्हती.

आणि काहींच्या वाट्याला शिकाऊ हातही नव्हता. गावच्या वस्तऱ्याने दलित वस्तीची वेस कधी ओलांडली नाही, हे अण्णांनी स्वतःहून सांगितले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या बालपणाबद्दल लिहिले आहे की, गावात नाभिक होते, त्यांना द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. भावांचे केस त्यांची थोरली बहीण कापी आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली. त्याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालील बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन १९२५ सालच्या एप्रिलमध्ये निपाणीत भरले. अण्णांचे वडील गाव सोडून निपाणीस आले ते तंबाखूच्या बाजारपेठेमुळे. इथे रस्त्यावरच्या खुर्चीत कोण येऊन बसेल हे विचारण्याची सोय राहिली नाही, आणि ते बरेच झाले, असे अण्णा म्हणतात.

याच वस्तऱ्याने एकदा नकारही दिला आहे, हेही नोंदवले पाहिजे. विधवांचे केशवपन हे नाभिकाच्या हाताशिवाय होऊच शकत नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे ठरवले. रोजच्या मिळकतीवर जगणाऱ्या माणसांनी समोर बसवलेल्या बाईची इच्छा आहे की नाही, हा प्रश्न उपस्थित केला. आपल्या व्यवसायात संमतिपत्राचा छापील कागद त्यानंतर कितीतरी उशिरा आला.

पुन्हा सलूनकडे येतो, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तिथे आहे. एके दिवशी अण्णांचा मुलगा ब्लेडचे पाकीट उघडून, कागदासकट पाते दुमडून, कट्‌कन दोन तुकडे करीत होता. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर बारीक व्रणांची जाळीच होती. मी विचारले, “हिपॅटायटिस बी ची लस घेतली आहेस का?” तो म्हणाला, “काका, ती तर डॉक्टरांनी घ्यायची असते न्हवं?”

तीस वर्षांपूर्वी सभागृहात बोललेला एकूण एक शब्द मला आठवला. मी गिऱ्हाइकाला नाभिकापासून वाचवत होतो. नाभिकाला कोणापासून वाचवायचे, हे माझ्या भाषणात कुठेच नव्हते. वास्तविक सुईच्या जखमेतून एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी लागण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंतही जाऊ शकते, हे आपण विद्यार्थ्यांना घोकून घेतो. हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे तीन कोटी लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यातील कित्येक दाढीला बसत असतील, आणि त्यांचे त्यांनाही ठाऊक नसेल.

दोघांच्याही तपासण्या करून घेतल्या. मुलाच्या सर्व चाचण्या नकारात्मक आल्या आणि त्याला लस सुरू केली. अण्णांचा एचबीएसएजी नकारात्मक आला, पण अँटी-एचबीसी सकारात्मक. म्हणजे हा विषाणू त्यांच्या शरीरात कधीतरी येऊन, मुक्काम करून, निघून गेला होता. तो कधी आणि कसा आला, हे आता सांगता येणार नाही. वस्तऱ्याच्या काळात की नव्या पात्याच्या, हेही नाही. अण्णांनी कागद उलटसुलट पाहिला आणि एवढेच विचारले, “म्हंजे आमी वाचलो?” हो म्हणालो. हे लिहिण्यास त्यांची संमती आहे. किंबहुना “लिवा की, त्यात काय” असे त्यांचे म्हणणे.

तेव्हा संघटनेपुढे माझी मागणी अशी. आपण दरवर्षी रक्तदान आणि मधुमेहाचे शिबिर घेतो, ते घ्यावेच. त्यासोबत निपाणी, चिकोडी, संकेश्वर आणि बेळगाव शहरातील नाभिक बांधवांसाठी हिपॅटायटिस बी ची तपासणी आणि लसीच्या तीन मात्रा, शून्य, एक आणि सहा महिन्यांच्या अंतराने, आपल्या खर्चाने द्याव्यात. बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस २०११ च्या सुमारास देशभर पोहोचली. आज खुर्चीमागे उभे असलेले बहुतेक हात त्याआधी जन्मलेले आहेत. सहाव्या महिन्याची मात्रा हीच अशा शिबिरांत बुडते, कारण फोटो पहिल्याच दिवशी निघालेले असतात. म्हणून नावनिशीवार वही ठेवून प्रत्येक दुकानाची जबाबदारी जवळच्या दवाखान्याने घ्यावी.

दुसरे, पात्यांचे. आपल्या दवाखान्यातील सुया आणि पाती २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात जातात. सलूनमधील तेच रक्त लागलेले अर्धे पाते दाढीच्या फेसासकट कागदात गुंडाळून बादलीत, आणि तिथून पहाटे कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला. प्रत्येक दवाखान्याने आपल्या गल्लीतील सलूनला एक डबा द्यावा आणि भरला की परत घ्यावा. यास किती खर्च येईल, याचा हिशेब मी आमच्या गल्लीपुरता केला. महिन्याला एका चहापार्टीहून तो कमी भरला. परवानगीचे काही तांत्रिक प्रश्न निघतील, त्यांची तड मंडळाकडे आणि नगरपालिकेकडे लावता येईल. काही सभासद म्हणतील की हे सरकारचे काम आहे. असेल. तीस वर्षांपूर्वी वस्तरे बंद करायला सांगणे हेही सरकारचे काम होते, आणि ते आपण मोठ्या हौसेने अंगावर घेतले होते.

माझी उमेदवारी अजून संपलेली नाही. गाल आणि जबडा बिनबोभाट होतो. ओठावरचा भाग अजूनही यंत्राने करतो. आजोबांचा वस्तरा आठवड्यातून तीनदा चालतो, पुसून, खोबरेलाचा हात फिरवून ठेवतो, पावसाळ्यात डबीत. तो माझ्या एकट्याचा आहे. ज्यांना साखरेच्या त्रासाने बधिरता आहे, रक्त पातळ करणारी औषधे सुरू आहेत किंवा हात कापतो, त्यांनी या वाटेस जाऊ नये.

हात कापण्यावरून आठवले. अण्णांचा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी शटर अर्धे ओढून मी सराव करीत होतो, तेव्हा ते बाकावरून उठले, मुलाच्या नव्या खुर्चीत बसले आणि गळ्याभोवती टॉवेल स्वतःच गुंडाळून म्हणाले, “आज माझी करा.” मी घाबरलो. मुलगा दारातून आत येऊन उभा राहिला. फेस लावून झाला, आजोबांचा वस्तरा पट्ट्यावर ओढून मी त्यांच्या गालाशी नेला, तोच अण्णांनी माझे मनगट धरले.

“त्यो तुमचा,” ते म्हणाले. “तुमच्या दाढीला. मला नवं पातं घाला.”

मुलाने पाकीट पुढे केले. मी कागदासकट पाते दुमडले, आणि ते सरळ मोडायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला.